म्हातारपण, व्यायाम आणि इब्न सिना

वय झाले की माणसाने स्वस्थ बसावे, अशी आपल्याकडे समजूत आहे. वडीलधाऱ्यांच्या हातचे काम काढून घेणे म्हणजे त्यांची खिदमत, असे आपण मानतो. हजार वर्षांपूर्वी बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या एका हकीमाचे मत मात्र वेगळे होते.

इब्न सिना (९८०-१०३७) यांचा ‘अल-कानून फित्तिब’ हा ग्रंथ सुमारे १०२५ साली पूर्ण झाला. बाराव्या शतकात टोलेडोत त्याचा लॅटिन अनुवाद झाला आणि पुढे कित्येक शतके तो युरोपच्या विद्यापीठांत शिकवला गेला. हे आपण अभिमानाने सांगतो, पण ग्रंथात काय लिहिले आहे, याकडे क्वचितच वळतो. पहिल्याच खंडात वृद्धांच्या आहार, झोप, मालिश आणि व्यायामाला स्वतंत्र जागा दिलेली आहे. इब्न सिना सर्वांना एकच व्यायाम सांगत नाहीत. ताकद, सवय आणि दुखणे पाहून तो ठरवायचा असतो. चक्कर येणाऱ्याने डोके खाली जाईल असा व्यायाम टाळावा, चालावे. पाय अधू असलेल्याने हात-खांद्यांचा करावा. म्हणजे दुखण्यामुळे हालचाल बदलते, थांबत नाही.

बुद्धीच्या व्यायामाला तेव्हा शतरंज होता. हिंदुस्थानातून इराणमार्गे तो अरबांकडे गेला. दहाव्या शतकात बगदादचा अस-सूली त्यातला उस्ताद मानला जाई. हनफी फकीहांनी हा खेळ नापसंत केला, तर जुगार नसेल आणि नमाज चुकत नसेल तर इमाम शाफई यांनी त्याला हराम म्हटले नाही.

आज शतरंजच्या जागी कॉम्प्युटरवरचे खेळ आले आहेत. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांवर दोन वर्षे प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. एका गटाला आहाराचा सल्ला, व्यायाम, कॉम्प्युटरवरील बौद्धिक सराव आणि रक्तदाबादींवर देखरेख, असे चारही मिळाले. नुसता सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या गटापेक्षा त्यांची बुद्धी थोडी अधिक तल्लख राहिली. यश चौघांचे मिळून होते, एकट्या खेळाचे नव्हे. उलट, खेळांनी विस्मरण टळते अशी जाहिरात करणाऱ्या ‘ल्युमोसिटी’च्या कंपनीला २०१६ मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले, कारण दाव्यांना पुरेसा पुरावा नव्हता.

तेव्हा दादीच्या हाती मोबाइल देऊन आपली जबाबदारी संपत नाही. अब्बांना मशिदीपर्यंत तरी चालण्याचे निमित्त असते. घरातल्या बायकांना तेवढेही नसते. त्यांच्यासोबत रोज थोडे चालायला कुणीतरी निघायला हवे.