रोलंड हिलचा हिशेब

कारभार सुधारावयाचा म्हणजे नोकरांस अधिक राबवावयाचें, असा समज रूढ आहे. तो किती भ्रामक आहे हें इंग्लंडच्या टपालाच्या इतिहासावरून दिसतें. तेथें पूर्वीं हशील अंतरावर व कागदांच्या संख्येवर ठरे, आणि तें बहुधा पत्र घेणाराच भरी. त्यामुळें गरिबास आप्ताचें पत्रही दारांतून परत धाडावें लागे.

रोलंड हिल हा पूर्वाश्रमींचा शाळामास्तर. टपालखात्याचा नोकर नव्हे. त्यानें प्रत्येक कामाचा खर्च निराळा काढला, तों लंडनहून एडिंबरोस पत्र नेण्याचा खर्च पेनीचा अवघा छत्तिसावा हिस्सा ठरला! खरा खर्च प्रवासांत नव्हता. आकारणींत, नोंदींत व दारोदारच्या वसुलींत होता. १८३७ सालीं त्यानें उपाय सुचविला : सर्वत्र एक दर, व तो आगाऊ. १८४० सालीं पेनीचें टपाल व तिकिटें आलीं. पत्रांची संख्या त्याच वर्षीं दुपटीवर गेली. उत्पन्न मात्र घटलें, आणि १८४२ सालीं हिलला घरीं बसावें लागलें; १८४६ सालीं सरकारनें त्यास परत बोलावलें. आपल्याकडे अर्ध्या आण्याचा सरसकट दर १८५४ सालीं आला.

हिलनें टपालवाल्यास अधिक धांवावयास सांगितलें नाहीं. त्याला दारापाशीं पैशांसाठीं तिष्ठत ठेवणारें काम तेवढें काढून टाकलें. कारभाराच्या सुधारकानें नोकरांचा घाम मोजण्यापूर्वीं व्यर्थ काम मोजावें, असें आम्हांस वाटतें.