पन्नास फुटांचा काठ

ओढ्याकाठचं गवत आपण विळ्यानं कापतो आणि गुरांपुढं टाकतो. अशाच गवतासाठी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात २०१५ साली कायदा झाला आणि त्यावरून शेतकरी आणि सरकार यांच्यात चांगलंच वाजलं. आज त्याची हकिकत सांगते.

मिसिसिपी नदी याच राज्यात उगम पावते. मुलूख मका-सोयाबीनचा. नांगर पार पाण्याला टेकला, की पावसात माती, खत, औषध सगळं वाहून नदीत. काठाला दाट गवताचा पट्टा असला तर पाण्याचा जोर मोडतो, गाळ तिथंच बसतो, गाळाला चिकटलेलं स्फुरदही अडतं.

खरं तर नियम नवा नव्हता. १९७७ पासून सार्वजनिक चरांच्या कडेला साडेसोळा फूट गवत ठेवावं, असं कायद्यात होतं. (साडेसोळा का? तो इंग्रजी मोजणीतला एक रॉड. आपल्या गुंठ्याची बाजू ३३ फूट, तिच्या बरोबर निम्मा. दोन्हीकडे साखळी एकच!) पण मेख अशी, की चराचं नवं काम किंवा नवी आकारणी निघाली तरच हा नियम लागू. जुने चर वर्षानुवर्षं तसेच राहिले.

डिसेंबर २०१४ मध्ये मार्शल गावी एक परिषद भरली, तीही पाण्यासाठी नव्हे, तर फेझंट पक्ष्यासाठी. गवत गेलं, तसा हा पक्षीही कमी झाला होता. त्यानंतर गव्हर्नर मार्क डेटन यांनी सगळ्या पाण्याकाठी पन्नास फूट गवताचा प्रस्ताव आणला. शेतकरी बिथरले. हिशेब करा ना: काठाला एक किलोमीटर शेत असेल, तर जवळजवळ पावणेचार एकर पिकाखालून जाते. नदी सगळ्यांची आणि तोटा मात्र काठावरच्याचा! मला त्यांचा राग पटतो.

शेवटी तडजोड झाली. नद्या-तळ्यांना सरासरी पन्नास फूट, कुठंही तिसापेक्षा कमी नाही. सार्वजनिक चरांना तेच साडेसोळा. मुदत नद्यांना १ नोव्हेंबर २०१७, चरांना पुढच्या वर्षीची. खासगी चर मात्र २०१६ मध्ये यातून सुटले. बहुतेकांनी पट्टे राखले.

तरी एक गोष्ट गवताच्या हाती नाही. तिथं पाणथळ जमीन सुकवायला शेताखाली छिद्रांच्या नळ्या घातलेल्या असतात. खतातलं नायट्रेट पाण्यात विरघळतं आणि त्या नळ्यांतून, गवताच्या खालून, थेट चरात जातं.

हे आपल्या कामाचं आहे म्हणून थोडं थांबते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटची मर्यादा, नायट्रोजनच्या हिशेबानं, लिटरला १० मिलिग्रॅम आहे, ती मुख्यतः तान्ह्या बाळांसाठी. सहा महिन्यांखालच्या बाळाला जास्त नायट्रेटच्या पाण्यात दुधाची पावडर कालवून दिली, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, ओठ-नखं निळसर पडतात. असं दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे न्यावं. आणि बायांनो, उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट दाट होतं. शेताजवळच्या विहिरीचं पाणी बाळाला द्यायचं असेल, तर आधी तपासून घ्यायला हवं.