आडोसा कशाचा?

वळवाचा पाऊस आला की जो तो आडोसा शोधतो. झाड, दुकानाची वळचण, बसथांबा, जे जवळ असेल ते. १३ मे २०२४ रोजी दुपारी साडेचारच्या सुमारास मुंबईत धुळीचे वादळ आले. घाटकोपरला छेडानगरजवळच्या पेट्रोल पंपावर अनेकजण असेच छपराखाली थांबले होते. शेजारचा प्रचंड जाहिरात फलक त्या छपरावर कोसळला. १७ माणसे दगावली, सत्तरहून अधिक जखमी झाली. पेट्रोल पेट घेण्याच्या भीतीने लोखंड कापणेही अवघड झाले. शोधकार्य १६ मेपर्यंत चालले.

वळवाच्या आधी एवढा वारा येतो कुठून? उंच ढगातून पाऊस पडू लागला की थेंबांतील काही पाण्याची वाटेतच वाफ होते. त्यासाठी लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून घेतली जाते. ती हवा थंड व जड होऊन वेगाने खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. म्हणून पावसाआधी धूळ उडते आणि एकदम गार वाटते. उकाड्याने हैराण झालेले आपण त्या गारव्याने सुखावतो; खरे तर ती सूचना असते.

आता थोडे गणित करू या. फलकासाठी मर्यादा होती ४० फूट बाय ४० फूट. कोसळलेला फलक होता सुमारे १२० बाय १२०. लांबी-रुंदी तिप्पट, पण क्षेत्रफळ १,६०० ऐवजी १४,४०० चौरस फूट, म्हणजे नऊपट. वाऱ्याचा जोर क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो आणि वेगाच्या वर्गाच्याही प्रमाणात. वारा दुप्पट झाला की जोर चौपट. त्या दुपारी काय घडले हे आठवीच्या मुलांनाही यावरून समजावता येईल.

मुंबईत हवामानाच्या नोंदी जुन्या आहेत. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. उपनगरांचे तापमान सांताक्रूझला मोजतात; तेथे १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश सेल्सिअस नोंदले गेले. ढगांवर नजर ठेवण्यासाठी २०२२ साली अंधेरीजवळ वेरावली येथे डॉपलर रडार आले. पण तापमानाचा आकडा वाचताना एक गोष्ट विसरू नये. तो सावलीतला असतो. तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवतात. ही पेटी एकोणिसाव्या शतकात थॉमस स्टीव्हनसन या स्कॉटिश अभियंत्याने तयार केली. उन्हात उभ्या माणसाला मात्र पेटी नसते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील पुरस्कार सोहळ्यात हेच दिसले. परिसरातील नोंद सुमारे ३८ अंशांची होती, तरी उष्माघाताने १४ जण मरण पावले. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही.

दोन्ही घटनांत प्रश्न एकच होता: आपण उभे कुठे आहोत? उन्हात सावली, पाणी आणि वारा हवा. वादळात पक्की इमारत हवी. ती नसेल तर काचा बंद केलेली, टपाची मोटार, तीही झाड किंवा फलकाखाली उभी नसलेली. झाड, पत्र्याची शेड, उंच फलक हे आडोसे नव्हेत. वीज चमकल्यावर सेकंद मोजावेत; आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ताबडतोब आत जावे.

सुट्टी लागण्यापूर्वी वर्गाकडून एक नकाशा करून घ्यावा असे आम्हाला वाटते. घर ते शाळा या वाटेवरची पक्की ठिकाणे हिरव्या रंगाने आणि फलक, जुनी झाडे, पत्र्याची छपरे लाल रंगाने दाखवावीत. आडोसा कशाचा घ्यायचा हे आभाळ भरून येण्यापूर्वीच ठरलेले असावे.