भिंतींच्या आतली बिनतारी हाक

डॉक्टरांना बोलवायचे कसे? प्रश्न साधा वाटतो. गावच्या दवाखान्यात ओसरीवरून हाक मारली की काम भागते. पण शेकडो खाटांचे रुग्णालय असले, डॉक्टर कोणत्या वॉर्डात आहेत ते कोणालाच ठाऊक नसले, आणि इकडे रोग्याचा श्वास अडकला असला, तर?

लंडनचे सेंट थॉमस रुग्णालय घ्या. थेम्स नदीच्या काठी, पार्लमेंटच्या अगदी समोर. ही इमारत १८७१ साली उघडली. हवा खेळती राहावी म्हणून वॉर्ड एकमेकांपासून सुटे असावेत, असा फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा आग्रह. त्याप्रमाणे नदीकाठाने ओळीने सुट्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांना जोडणारा लांबच लांब बोळ. रोग्यांना हवा मिळाली खरी, पण डॉक्टरला शोधायला निघालेल्या माणसाचे पाय मात्र चांगलेच दुखले असतील!

मोठ्या रुग्णालयांतून मग घंटा आल्या, रंगीत दिवे आले, पुढे कर्णे आले. कर्ण्यावरून एका डॉक्टरचे नाव पुकारले की ज्यांना झोपेची गरज ते सगळे रोगी जागे! एकाला हाक आणि शंभरांना त्रास.

ज्याची हाक त्यालाच ऐकू जावी, ही युक्ती बिनतारी विद्येने दिली. अमेरिकेत ऑल ग्रॉस यांनी खिशातल्या हाकयंत्राचे पेटंट १९४९ साली घेतले आणि १९५० साली न्यूयॉर्कच्या ज्यूइश रुग्णालयात ते वापरात आले. डॉक्टरमंडळींनी आधी नाके मुरडली. यामुळे रोगी घाबरतील, आमच्या गॉल्फच्या खेळात व्यत्यय येईल, अशी त्यांची तक्रार होती, असे ग्रॉस पुढे सांगत. सेंट थॉमसमध्ये १९५६ साली मल्टीटोन कंपनीने अशीच यंत्रणा बसवली. रशियातून आलेल्या जोसेफ पोलियाकॉफ यांनी काढलेली ही कंपनी मुळात कमी ऐकू येणाऱ्यांसाठी श्रवणयंत्रे करी. चर्चिलसाहेबांचे यंत्रही तिचेच. कानाजवळचे यंत्र करणाऱ्यांना खिशात मावणारे यंत्र जमले, यात नवल ते काय?

त्या काळच्या अशा काही यंत्रणांची रचना मोठी सोपी होती. इमारतीभोवती तारेचे एक वेटोळे फिरवायचे आणि त्यात वीज खेळवायची, म्हणजे वेटोळ्याच्या आत चुंबकी क्षेत्र तयार होते. डॉक्टरच्या खिशातल्या छोट्या यंत्राला ते जाणवते आणि ‘ब्लीप ब्लीप’ असा आवाज येतो. तेव्हापासून विलायतेतले डॉक्टर त्या यंत्रालाच ‘ब्लीप’ म्हणू लागले.

आता गुरुजी, एक प्रयोग वर्गात करून पाहा. मीडियम वेव्हवर लावलेला ट्रान्झिस्टर लाकडी पेटीत ठेवा. गाणे चालूच राहील. तोच घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवा. आवाज मावळेल, बहुधा बंदच पडेल. लाकूड, विटा, माती यांतून लहरी थोड्याफार जातात. धातू त्यांना अडवतो. रुग्णालयात तर धातूच धातू! क्ष-किरणांच्या खोलीला शिशाचे पत्रे, एम.आर.आय.च्या खोलीभोवती बहुधा तांब्याचे कवच, शिवाय सिमेंटमधल्या सळ्या आणि लिफ्टचा पिंजरा. रस्त्यावर ठणठणीत चालणारा मोबाइल तळघरात मुका होतो तो यामुळेच. म्हणून बाहेर मोठा मनोरा उभारून भागत नाही. लहर आत पोचवण्याची व्यवस्था आतच करावी लागते.

बरे, लहर पोचली म्हणजे झाले का? नाही. दुसरा धोका गोंगाटाचा.

अमेरिकेतल्या डॅलस शहरात बेलर विद्यापीठाचे रुग्णालय आहे. तिथे हृदयरोग्यांच्या अंगावर छोटी प्रेषकयंत्रे लावलेली असत आणि त्यांच्या ठोक्यांची नोंद बिनतारी मार्गाने परिचारिकांच्या टेबलावर येई. ही यंत्रे दूरचित्रवाणीच्या रिकाम्या पट्ट्यांवर चालत. कायद्याने त्यांना तशी मुभा होती, पण संरक्षण नव्हते. रिकाम्या घरात राहू दिलेल्या पाहुण्यासारखी त्यांची गत. फेब्रुवारी १९९८ मध्ये शहरातल्या डब्ल्यू.एफ.ए.ए. या केंद्राने नव्या डिजिटल प्रक्षेपणाची चाचणी सुरू केली, ती नेमकी त्याच पट्ट्यावर. घरधनी परत आला! रुग्णालयातल्या यंत्रांवरून ठोक्यांची नोंद नाहीशी झाली. विचार करा, रोगी खाटेवर आहे, हृदय चालू आहे, पण ते चालू आहे की थांबले हे सांगणारे कोणी नाही. कारण कळल्यावर केंद्राने प्रक्षेपण थांबवले आणि सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. यात केंद्राचा दोष तरी काय? जागा त्याचीच होती. दोष होता तो रोग्याच्या ठोक्यांना स्वतःची जागा न देणाऱ्या नियमांचा.

ती जागा २००० साली मिळाली. अमेरिकी सरकारने रुग्णालयांच्या यंत्रांसाठी काही पट्टे राखून दिले. त्यांतला एक ६०८ ते ६१४ मेगाहर्ट्झचा. या पट्ट्यावर तिथे दूरचित्रवाणीचे केंद्र चालत नव्हते, कारण आकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरी ऐकणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी तो शांत ठेवला होता. आपल्या जुन्नर तालुक्यात खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महादुर्बीण आहे ना? तीसुद्धा ६१० मेगाहर्ट्झच्या आसपास आकाश ऐकत आली आहे. रोग्याच्या छातीचा ठोका आणि दूरच्या आकाशगंगेचा निरोप, दोघांनाही शांतता हवी. म्हणून दोघे एका पट्ट्यावर शेजारी नांदतात.

आणि ते जुने ब्लीप? ते आता गेले असेल, असे तुम्ही म्हणाल. विलायतेच्या सरकारी आरोग्यसेवेत २०१९ साली अशी सुमारे १,३०,००० यंत्रे होती. मोबाइल असताना ही जुनाट यंत्रे कशाला, असे म्हणून त्यांच्या आरोग्यमंत्र्यांनी २०२१ अखेर ती काढून टाकण्याचा हुकूम काढला. मात्र त्याच हुकमात एक सवलत ठेवली होती: वाय-फाय बंद पडले आणि दुसरा मार्ग उरला नाही, तर अशा तातडीच्या वेळेसाठी काही ब्लीप रुग्णालयांनी जवळ ठेवावेत.