श्वासावाटे प्रतिजैविके : न्यूमोनियावरील चाचण्या

न्यूमोनियाच्या रोग्याला प्रतिजैविकाचे तुषार थेट फुप्फुसात देऊन गुण येतो का, हे तपासणाऱ्या वैद्यकीय चाचण्या. बोलीत याला ‘वाफ देणे’ म्हणतात. खरे तर ती वाफ नव्हे, नेब्युलायझरने केलेले औषधाचे धुके. त्यातले १ ते ५ मायक्रॉनचे थेंब फुप्फुसात खोल उतरतात. मोठे थेंब व्हेंटिलेटरच्या नळ्यांतच चिकटून राहतात.

युक्ती मोहात पाडणारी आहे. अमिकासिनसारखे औषध शिरेतून दिले तर फुप्फुसात थोडेच पोहोचते, आणि मात्रा वाढवावी तर मूत्रपिंडे व कान धोक्यात येतात. मग जिथे जंतू, तिथेच औषध का नेऊ नये?

बोस्टनमध्ये ते १९७०च्या दशकातच करून पाहिले गेले. अत्यवस्थ रोग्यांना पॉलिमिक्सिनचे तुषार सतत दिले. स्यूडोमोनास हा जंतू हटला, पण त्या औषधाला न जुमानणारे जंतू माजले. १९७५ साली खुद्द संशोधकांनीच ही पद्धत धोक्याची ठरवली. पुढे १९९७ मध्ये सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगासाठी श्वासावाटे घ्यायच्या टोब्रामायसिनला अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि आशा पुन्हा जागी झाली.

न्यूमोनियाने मात्र दाद दिली नाही. थायलंडमध्ये व्हेंटिलेटरवरील १०० रोग्यांवर कोलिस्टिनची चाचणी झाली. निष्कर्ष २०१० साली आले. औषधाच्या गटात जंतूंचा नायनाट अधिक झाला (६०.९ टक्के, सलाइनच्या गटात ३८.२). प्रकृती सुधारलेले रोगी? ५१ आणि ५३.१ टक्के. जंतू जाणे म्हणजे रोगी बरा होणे नव्हे, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते. ‘इनहेल’ या मोठ्या चाचणीत (२०१३–१७) ७२५ रोगी होते. नेहमीच्या शिरेतील औषधांच्या जोडीला कुणाला अमिकासिनचे तुषार, कुणाला नुसते सलाइनचे. महिन्याभराने जिवंत असलेले अनुक्रमे ७५ आणि ७७ टक्के.

मग फ्रान्समधील संशोधकांनी प्रश्नच बदलला : झालेला न्यूमोनिया बरा करण्याऐवजी होऊच न देणे. १९ अतिदक्षता विभागांत, किमान तीन दिवस व्हेंटिलेटरवर असलेल्यांना दिवसातून एकदा, असे तीन दिवस अमिकासिन दिले. २८ दिवसांत १५ टक्के रोग्यांना न्यूमोनिया झाला, सलाइनच्या गटात २२ टक्क्यांना. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. बोस्टनची चूक इथे टळली ती मुख्यतः मुदत तोकडी ठेवल्याने, असे मानायला जागा आहे.

उपचारापुरती अमेरिकी तज्ज्ञसंस्थांची २०१६ची शिफारस मर्यादित आहे : जंतू फक्त अमिनोग्लायकोसाइड (अमिकासिनसारखी) किंवा पॉलिमिक्सिन (कोलिस्टिनसारखी) गटाच्या औषधांनाच दबत असतील, तर शिरेतील औषधाच्या जोडीने तुषारही द्यावेत.