मोहिमेच्या वाटेवरचा प्रवासी

बंगळूरच्या पूर्वेला के. आर. पुरम, म्हणजे कृष्णराजपुरम, नावाचे उपनगर आहे. तारांवर तोललेला पूल, रेल्वेचे आणि मेट्रोचे स्थानक आणि अष्टौप्रहर वाहनांची दाटी, एवढीच त्याची ओळख बहुतेकांना असते. नोकरीनिमित्त या बाजूला येऊन राहिलेल्या मराठी माणसालाही, आपण रोज ज्या जुन्या मद्रास रस्त्याने ये-जा करतो तो कोणत्या इतिहासातून आला आहे, याचा विचार करण्यास सवड मिळत नाही. कोलार, होसकोटे आणि बंगळूर यांना जोडणारी ही वाट अठराव्या शतकात लष्करांची वाट होती, आणि त्या लष्करांत मराठेही होते.

या प्रदेशाशी आपला संबंध त्याहूनही जुना आहे. १६३८ साली विजापूरकरांनी बंगळूर जिंकले आणि शहाजीराजांकडे येथील जहागीर आली. होसकोटे आणि कोलार हे परगणेही त्या जहागिरीत होते. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी याच वाटेवर मराठी तलवार पुन्हा चमकली, ती मात्र इंग्रजांच्या बाजूने. ऑगस्ट १७६८ मध्ये गुत्तीकर मुरारराव घोरपडे इंग्रजांचा दोस्त म्हणून होसकोट्याजवळ तळ देऊन होता. हैदरअलीने त्याच्या छावणीवर रात्री छापा घातला. मुररावाने आपल्या स्वारांना घोड्यावर न चढण्याचा हुकूम दिला. अंधारात जो कोणी घोड्यावर दिसेल तो शत्रू, एवढी साधी खूण त्याने ठरवून दिली, आणि छापा उधळला गेला. हाच मुरारराव पुढे हैदराच्या कैदेत मरण पावला.

१७९१ साली ही वाट पुन्हा गजबजली. टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, निजाम आणि पेशवे एक झाले होते. कॉर्नवॉलिस कोलार आणि होसकोटे घेऊन मार्चच्या पहिल्या आठवड्यात बंगळूरपुढे आला. ७ मार्चला पेठ पडली, २१ मार्चच्या रात्री किल्ला पडला आणि किल्लेदार बहादुरखान लढता लढता ठार झाला. त्या वेळी परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज दूर धारवाडच्या वेढ्यात गुंतली होती. सहा महिन्यांहून अधिक काळ चाललेला तो वेढा एप्रिलमध्ये संपला. मे अखेरीस परशुरामभाऊ आणि हरिपंत फडके श्रीरंगपट्टणाच्या बाजूला कॉर्नवॉलिसला येऊन मिळाले, तेव्हा इंग्रजांचे बैल मेले होते, अवजड तोफा त्यांनी स्वतःच निकामी केल्या होत्या आणि शिपाई उपाशी होते. मराठ्यांच्या लष्करी बाजारात मात्र धान्यापासून कापडापर्यंत सारे मिळत होते. इंग्रजांनी त्या बाजाराचे आश्चर्याने वर्णन केले आहे.

हा प्रसंग आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्याच मोहिमेत मराठी लष्कराबरोबर असलेल्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, शारदेची मूर्ती उखडली गेली आणि स्वामींना स्थान सोडावे लागले. त्या मठाच्या पुनःस्थापनेसाठी द्रव्य आणि धान्य देणारी आज्ञापत्रे टिपूची आहेत. म्हैसूरच्या पुराणवस्तू खात्याचे रा. नरसिंहाचार यांना १९१६ मध्ये ती मठात सापडली. इतिहास आपल्या सोयीच्या दोन रांगांत उभा राहत नाही, याला याहून बोलके उदाहरण कोणते द्यावे?

हे सर्व आज सांगण्याचे कारण असे की, जुन्या रणभूमींना जोडणारे वारसामार्ग आखावेत, असा विचार जगात बळ धरीत आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, अलेक्झांडर डग्लस गिलेस्पी या तरुण ब्रिटिश सैन्याधिकाऱ्याने आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहून सुचविले होते की, युद्ध संपल्यावर दोन्ही फौजांच्या खंदकांमधील भूमीतून डोंगरापासून समुद्रापर्यंत एक झाडांची वाट करावी. त्याच वर्षी सप्टेंबरात तो लूसच्या लढाईत पडला. शंभर वर्षांनी त्या कल्पनेतून स्वित्झर्लंडच्या सीमेपासून बेल्जमच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे हजार किलोमीटरची पायवाट आकाराला आली. आपल्याकडेही २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तामिळनाडूत आहे. वारसा राज्याची सीमा मानीत नाही, हे तेथे मान्य झाले. मग बंगळूर, होसकोटे, शृंगेरी, धारवाड आणि चन्नगिरीजवळ होदिगेरे येथील शहाजीराजांची समाधी, या स्थळांना मिरज आणि पुण्याशी जोडणारी एक वाट का असू नये?

अशा वाटेत एक अडचण आहे आणि तीच तिची खरी गरजही आहे. पटवर्धनांच्या मोहिमांची पत्रे मराठीत आहेत. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेत बसून आयुष्य वेचून ती छापली. ज्या गावांतून त्या फौजा गेल्या, ज्या तळ्यांवर त्यांनी पाणी पाजले, ती गावे आणि तळी मात्र कर्नाटकात आहेत आणि त्यांच्या आठवणी कन्नडमध्ये आहेत. कागद इकडे आणि जमीन तिकडे, अशी ही वाटणी आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून सीमेचा वाद आपण दोन्ही बाजूंनी हिरिरीने चालविला. पण मोडी वाचणारा मराठी अभ्यासक आणि गावची वाट जाणणारा कन्नड शिक्षक एकत्र बसल्याखेरीज या इतिहासाचा एक फलकही नीट लिहिता येणार नाही.

तो फलक कसा असावा? बंगळूरच्या किल्ल्यात, जेथे तट फुटला तेथे, इंग्रजांच्या चढाईची नोंद करणारा जुना दगड आहे. विजेत्याचा दगड विजेत्यापुरतेच बोलतो. नव्या वाटेवर कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांत, जिंकणाऱ्याबरोबर हरणाऱ्याचे, आणि त्या दोघांबरोबर लुटल्या गेलेल्या पेठेचे आणि मठाचेही नाव यावे. शृंगेरीत उभे राहून आपल्या लष्कराची करणी मराठी प्रवाशाने मराठीत वाचावी. त्यात कमीपणा नाही. आपल्या पराक्रमाची गोष्ट सांगण्याचा अधिकार त्यानेच मिळतो.

दुसरी गोष्ट व्यवहाराची आहे. अठराव्या शतकातील लष्कर तळ देई तेथील पाणी, वैरण आणि धान्य संपवून पुढे जाई, आणि मागे राहिलेल्या रयतेला ते वर्ष कसे काढावे याची विवंचना पडे. पर्यटकांचे लोंढेही नेमके हेच करू शकतात. के. आर. पुरमच्या परिसरातील तळी शहराच्या वाढीने आधीच गांजली आहेत. होदिगेरेसारख्या खेड्यात एकाच दिवशी शंभर गाड्या उतरल्या, तर समाधीची शांतता आणि गावाचे पाणी दोन्ही जातील. म्हणून माणसे थोडी यावीत आणि अधिक दिवस राहावीत. मुक्काम गावातल्या घरी असावा, वाटाड्या गावचाच असावा, आणि प्रवेशशुल्काचा मोठा वाटा तळ्याच्या गाळासाठी आणि स्मारकाच्या डागडुजीसाठी गावातच राहावा. स्मारकाभोवती नवे सिमेंट घालण्यापेक्षा झाडे लावणे स्वस्तही आहे आणि शोभूनही दिसते.

आपले पूर्वज या वाटेने फौज घेऊन आले होते. त्यांनी भूमीकडून घेतले, कधी दिले, कधी लुटले. आज त्याच वाटेने जाणाऱ्याच्या खांद्यावर भाला नाही आणि मागे बाजारबुणगेही नाहीत. त्याने चार दिवस पाहावे, ऐकावे, घेतलेल्या भाकरीचे मोल द्यावे आणि गाव आहे तसे ठेवून परतावे. या वाटेवर एवढे करणारा प्रवासी अजून फारसा आलेला नाही, त्याची वाट पाहणारी गावे मात्र पुष्कळ आहेत.