जुन्या ट्रकांची मॉडेल-ओळख

जुन्या ट्रकांची मॉडेल-ओळख म्हणजे दिसायला सारख्या असणाऱ्या जुन्या मालमोटारींमधील फरक तपासून प्रत्येकीचा निर्माता, मॉडेल व निर्मितीचा काळ निश्चित करण्याची पद्धत होय. भारतात हे काम अवघड ठरते. येथे एकच ट्रक अनेक नावांनी विकला गेला, केबिन व बॉडी बहुधा स्थानिक कारागिरांनी बांधली आणि अनेक ट्रकांची इंजिने पुढे बदलली गेली. त्यामुळे कोणत्याही एका खुणेवरून काढलेला निष्कर्ष चुकू शकतो.

डॉज, फार्गो व डी सोटो

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने मोटारी व ट्रक तयार होत. डॉज, फार्गो आणि डी सोटो ही तिन्ही नावे क्रायस्लरचीच होती. वेगवेगळ्या विक्रेत्यांना स्वतंत्र नावाचा माल देता यावा, म्हणून एकच ट्रक निरनिराळ्या नावांनी विकण्याची पद्धत या कंपनीने कॅनडासह अनेक देशांत अवलंबली होती. भारतातही हे ट्रक मुळात एकाच रचनेचे होते. फरक मुख्यतः बॉनेट व जाळीवरील नावापुरता असे. नावाची पट्टी काढून दुसरी बसवणे सोपे असल्याने केवळ तिच्यावरून ट्रक डॉज की फार्गो हे ठरवता येत नाही. त्यासाठी चासी क्रमांक व मूळ कागदपत्रे पाहावी लागतात.

टाटा-मर्सिडीज-बेंझ व टाटा

टाटा लोकोमोटिव्ह अँड इंजिनिअरिंग कंपनीने (टेल्को) १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी १५ वर्षांचा करार केला व जमशेदपूर येथे ट्रकांचे उत्पादन सुरू केले. या ट्रकांच्या तोंडावर तीन टोकांचा तारा असे. १९६९ मध्ये करार संपल्यावर ताऱ्याच्या जागी ‘टी’ हे अक्षर आले. यंत्ररचना मात्र पुष्कळशी तीच राहिली. म्हणून त्या सुमाराच्या दोन ट्रकांत चिन्ह वगळता फरक शोधणे कठीण जाते. मॉडेलच्या आकड्याचा येथे उपयोग होतो. १२१० मधील पहिले दोन अंक भारासह एकूण वजन सुमारे १२ टन आणि पुढचे दोन अंक शक्ती सुमारे १०० अश्वशक्ती असल्याचे दर्शवतात. १६१२ हा आकडाही याच रीतीने वाचावा.

युद्धकालीन फोर्ड व शेव्हरोले

दुसऱ्या महायुद्धात कॅनडात फोर्ड व जनरल मोटर्स या दोन कंपन्यांनी एकाच लष्करी नमुन्याचे ट्रक बनवले. ते ब्रिटिश भारतीय सेनेतही वापरले गेले. दोहोंची केबिन जवळजवळ सारखीच होती. फोर्डमध्ये व्ही आकारात मांडलेले आठ सिलिंडरचे इंजिन, तर शेव्हरोलेमध्ये एका रांगेतील सहा सिलिंडरचे इंजिन असे. ज्या केबिनची पुढची काच वरच्या बाजूने पुढे झुकलेली असते, ती या नमुन्याची नंतरची आवृत्ती होय.

फसव्या खुणा

केबिन व बॉडी : भारतात ट्रक पुष्कळदा केवळ चासी, इंजिन आणि पुढचा दर्शनी भाग एवढाच विकला जाई. लाकडी केबिन व हौदा मालकाच्या गावचे सुतार-लोहार बांधत. त्यामुळे केबिनवरून कारागिराचा प्रांत कळू शकतो, निर्माता कळतोच असे नाही.

इंजिन : मूळच्या पेट्रोल ट्रकांत इंधनखर्च वाचवण्यासाठी डिझेल इंजिन बसवण्याची पद्धत रूढ होती. पर्किन्स कंपनीचे सहा सिलिंडरचे ‘पी ६’ इंजिन यासाठी प्रसिद्ध होते. ते कारखान्यातूनही बसवून येत असल्याने केवळ इंजिनवरून काळ ठरवू नये.

नोंदणी क्रमांक : नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, नंतर मुंबई राज्यात व १९६० पासून महाराष्ट्रात आहे. राज्य बदलले तशी नोंदणीची अक्षरेही बदलली. १९६० च्या ट्रकावर एम.एच. ३१ हा क्रमांक आढळल्यास, तो क्रमांक नागपुरात १९८९ मधील नव्या पद्धतीनंतर मिळाला एवढेच सिद्ध होते.

तपासणीचा क्रम

प्रथम चासीच्या उभ्या पट्टीवर ठोकलेला क्रमांक वाचून तो नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावा. त्यानंतर पुढच्या व मागच्या आसांतील अंतर, मागील ॲक्सल व गिअरबॉक्स तपासावेत. बॉनेट, मडगार्ड व जाळी त्यानंतर पाहावी. नावाची पट्टी व रंग यांना सर्वांत शेवटचे स्थान द्यावे.

महत्त्व

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या दुचाकी व प्रवासी मोटारींना ती लागू आहे. मालवाहू ट्रक या व्याख्येत येत नाहीत. त्यामुळे जुन्या ट्रकाला कायद्याने वेगळा दर्जा मिळत नाही व बहुतेक ट्रक भंगारात जातात. जे उरतात, त्यांच्या बाबतीत ‘मूळ रूप’ म्हणजे काय हा प्रश्नही सोपा नाही. परदेशी छायाचित्राबरहुकूम केबिन नव्याने बांधल्यास गावच्या कारागिराने केलेले अस्सल काम नष्ट होते. म्हणून दुरुस्तीपूर्वी प्रत्येक भागाची छायाचित्रे व क्रमांक नोंदवून ठेवणे आवश्यक ठरते.